हिपॅटायटिस सी: डाक्लाटासव्हिर की वेल्पाटासव्हिर?

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या खेड्यात हिपॅटायटिस सी, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूचा आजार, निघाला की आधी काविळीचा झाडपाला शोधला जातो. तो राहू द्या. खरी निवड सोफोसबुव्हिरसोबत डाक्लाटासव्हिर घ्यायचं की वेल्पाटासव्हिर, एवढीच आहे. दोन्ही जोड्या रोज एकदा, साधारण १२ आठवडे. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात औषध मोफत आहे, म्हणून पैशाचा हिशेब इथे नको.

सोफोसबुव्हिर विषाणूच्या नकला काढणाऱ्या एनएस५बी एन्झाइमात खोटी कडी बनून शिरतं. नकलेची साखळी तिथंच खुंटते. फरक आहे तो जोडीदाराचा. तो विषाणूच्याच एनएस५ए या दुसऱ्या प्रथिनाला धरतो. भारतात या विषाणूचा जीनोटाइप ३ हा उपप्रकार जास्त. त्यात या प्रथिनाच्या ९३ व्या जागी टायरोसिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन आलं की डाक्लाटासव्हिरची पकड ढिली पडते. वेल्पाटासव्हिरचीही पडते, पण कमी. १२ आठवड्यांच्या चाचण्यांत जीनोटाइप ३ चे सिरोसिस (यकृतात व्रण साचून ते टणक होणं) नसलेले ९६ टक्के रुग्ण डाक्लाटासव्हिरच्या जोडीनं बरे झाले. सिरोसिसवाले फक्त ६३. वेल्पाटासव्हिरनं सिरोसिसवालेही ९१ टक्के. चाचण्या वेगळ्या होत्या, तरी फरक डोळ्यात भरतोच. म्हणून सिरोसिस नसेल तर पहिली जोडी पुरे, नव्या गोळीचा हट्ट कशाला? असेल तर वेल्पाटासव्हिरबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

पण वेल्पाटासव्हिर विरघळायला पोटात आम्ल लागतं. आपलं झणझणीत जेवण, त्यावर मेडिकलमधून आणलेली पित्ताची गोळी! ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल चालू असेल तर ते पाकीट डॉक्टरांसमोर ठेवा. डाक्लाटासव्हिरला ही अडचण नाही. टीबीचं रिफाम्पिसिन आणि मिरगीचं फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन मात्र दोन्ही जोड्यांना चालत नाही. हिपॅटायटिस बी चीही तपासणी आधी करून घ्या. सी जाताना तो उसळू शकतो.

पोटात पाणी होण्यापर्यंत यकृत बिघडलं असेल तर वेल्पाटासव्हिरसोबत रिबाव्हिरिन देतात. ते तांबड्या पेशी फोडतं. पूर्व विदर्भात सिकलसेल घरोघरी ऐकू येतो, तो घरात असेल तर न विचारताही सांगा. रिबाव्हिरिन टाळून तीच जोडी २४ आठवडे देता येते.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए तपासणी करायची, रक्तात विषाणू उरलाय का ते तीच सांगते. अँटीबॉडीचा, म्हणजे शरीरानं विषाणूविरुद्ध बनवलेल्या प्रथिनांचा, रिपोर्ट बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येतो, त्यावरून पुन्हा औषध सुरू करू नका.