संप गहाण टाकलेल्या युनियनच्या गावात

पैसे वसूल झाले, पण जाहिरातीत जे छापलंय त्यामुळे नाही. ला शो-द-फों हे स्वित्झर्लंडमधलं घड्याळांचं गाव. तिथे ‘घड्याळं आणि कामगार’ अशी पायी फेरी असते. माझी मुलगी न्यूशातेल शहरात असते, तिनेच बुकिंग केलं. तिथून गाडीने अर्धा तास. फेरीवाल्या कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि ती गाव दाखवणाऱ्या बाईंच्या अंगावर यायला नको.

बाई स्वतः घड्याळाच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या. बोलतात फ्रेंच. मी पिंपरीत कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागात होतो आणि काही वर्षं युनियनच्या कमिटीवरही, त्यामुळे लेकीने भाषांतर करायचं आणि मी प्रश्नांची सरबत्ती करायची, असं चाललं होतं.

1794 च्या आगीत गाव जळालं आणि मग पट्टीने आखल्यासारखं नव्याने वसलं. उतारावर समांतर रस्ते, घरांना ओळीने खिडक्या. कामाचं टेबल खिडकीपाशी, कारण दाते कापायला उजेड लागतो. एका घरात चाकं, दुसऱ्यात डायल, तिसऱ्यात घड्याळाची बाहेरची डबी. मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये या अख्ख्या गावालाच एक कारखाना म्हटलंय, ते इथे उभं राहिल्यावर पटतं.

1915 साली धातूकामगार आणि घड्याळकामगार यांच्या संघटना एक झाल्या. आमच्याकडे टूलरूमवाला शॉपफ्लोअरवाल्याला मोजत नाही. इथे तर भिंग लावून बसणारे आणि भट्टीपाशी घाम गाळणारे एका झेंड्याखाली आले! हे जमलं कसं, यावर बाईंनी वडिलांचं सभासद-पुस्तक काढलं. हातात घेतलं. दर महिन्याच्या वर्गणीचं एक तिकीट चिकटवलेलं, पानांमागून पानं, कोपरे मऊ पडलेले. आम्ही पगाराच्या दिवशी गेटवर पावतीपुस्तक घेऊन उभे राहायचो. वर्गणी पगारातून परस्पर कापली जायला लागली आणि ती गेटवरची गाठभेट संपली. माझ्या मते तिथूनच युनियन ढिली पडली.

खरी मजा 1937 ची. मे महिन्यात घड्याळवाल्यांचा करार झाला आणि 19 जुलैला यंत्र आणि धातू उद्योगातला प्रसिद्ध ‘शांतता करार’. युनियनचा कोनराड इल्ग, मूळचा कुलूपकार, आणि मालकांचा एर्न्स्ट ड्यूबी यांनी सह्या केल्या. संप नाही, टाळेबंदी नाही. तंटा आधी कारखान्यात मिटवायचा, मग दोन्ही संघटनांमध्ये, नाहीच मिटला तर लवादापुढे. हमी म्हणून दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच लाख फ्रँक नॅशनल बँकेत ठेवले. पगाराचा आकडा मात्र करारात कुठेच नाही. मी चिडलोच. म्हटलं, हत्यार गहाण टाकलं आणि वर डिपॉझिटही भरलं?

बाई शांतपणे म्हणाल्या, शेजारी जर्मनीत बघा. तिथे 2 मे 1933 ला नाझींनी युनियनची ऑफिसं ताब्यात घेतली होती. शिवाय इथे 1936 मध्ये स्विस फ्रँकचं अवमूल्यन झालेलं आणि सरकार सक्तीचा लवाद लादू पाहत होतं. तो लादून घेण्यापेक्षा दोघांनी आपापसात मिटवलं. मुंबईत 1982 च्या संपात अडीच लाख गिरणी कामगारांचं काय झालं ते मी पाहिलंय. इल्गला हसायचा अधिकार मला नाही.

पण करारात मालक बांधला जातो, क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवरचं घड्याळ, थोडंच बांधलं जातं? 1970 च्या सुमारास घड्याळ उद्योगात नव्वद हजारांच्या आसपास नोकऱ्या होत्या. ऐंशीच्या दशकात तीसेक हजार उरल्या. 1976 मध्ये न्यूशातेलला बुलोव्हा या घड्याळ कंपनीच्या कामगारांनी कारखानाच ताब्यात घेतला. शांततेची सवय झालेल्या युनियनला ते जडच गेलं असणार, असं मला वाटतं.

आता तक्रार. एवढा ऐवज हाताशी असताना कंपनीने बराच वेळ एका शोरूममध्ये घालवला. लाखालाखाची घड्याळं काचेआड, आणि आम्हाला कॉफी. त्यापायी 14 जून 1991 च्या बायकांच्या संपाची गोष्ट निघता निघता उरकली. त्या संपाची कल्पना व्हॅली द जू या खोऱ्यातल्या घड्याळकामगार बायकांची आणि रस्त्यावर उतरल्या देशभरातून जवळजवळ पाच लाख. शांतता कराराच्या देशात एवढा मोठा संप, आणि तो बायकांचा! यावर वेगळी फेरी काढली तर मी पुन्हा पैसे भरीन. धातू आणि घड्याळ कामगारांची ती 1915 ची युनियन 2005 पासून उनिया या मोठ्या युनियनमध्ये विलीन झाली, हेही मला स्टेशनकडे चालता चालता कळलं.

पाचपैकी चार तारे. शोरूम टाळायची असेल तर बुक करतानाच सांगून ठेवा. गाव हजार मीटर उंचीवर आहे, मे महिन्यातही स्वेटर लागतो. एस्पासिते टॉवरवर चौदाव्या मजल्यापर्यंत लिफ्ट जाते. फेरीच्या आधी तिथे चढून या, म्हणजे रस्त्यांची आखणी नीट कळेल. घड्याळांचं म्युझियम वेगळ्या दिवशी करा. आणि बाईंकडे ते पुस्तक मागा, विचारल्याशिवाय त्या पिशवीतून काढत नाहीत.