इन्व्हर्टरचं चार्जिंग: १०, १५ की २० अँपिअर?

नव्या इन्व्हर्टरला १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे क्षमता) ट्युब्युलर बॅटरी जोडली की दोन गोष्टी ठरवायच्या असतात: चार्जिंगचा करंट आणि बॅटरीचा प्रकार. बहुतेक घरांत दोन्ही जसे आले तसेच राहतात, आणि बॅटरी लवकर गेली की दोष बॅटरीला मिळतो.

आधी करंट. ट्युब्युलरसारख्या पाण्याच्या बॅटरीचा ढोबळ हिशेब म्हणजे क्षमतेच्या दहा टक्के, म्हणजे इथे १५ अँपिअर. रात्री ९० एएच वापरले, तर घट धरून साधारण १०५ एएच परत भरावे लागतात. १० अँपिअरवर त्याला अकरा-बारा तास जातात. मग २० वर निम्मा वेळ लागेल? नाही. व्होल्टेज १४.४ च्या आसपास पोचलं की बॅटरी स्वतःच करंट कमी घेऊ लागते, आणि शेवटचे पंधरा-वीस टक्के भरायला तिला तिचा वेळ लागतोच. २० चा फायदा पहिल्या टप्प्यात, सुमारे ८० टक्क्यांपर्यंत. किंमत म्हणजे जास्त उष्णता आणि लवकर संपणारं पाणी.

म्हणून तुमच्याकडे लाइट सलग किती वेळ असते, ते पाहा. शहरात महिन्यातून दोन-चारदाच जात असेल, तर १० पुरेत. रोज तीन-चार तास जाते आणि मधे सहा-सात तास मिळतात, तिथे १५ घ्या. २० मी फक्त तिथे सुचवेन, जिथे वीज तुकड्या-तुकड्यांनी येते आणि बॅटरी रोज अर्धीच भरते. अर्धवट भरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट होत जातं, आणि ते थोड्या जास्त उष्णतेपेक्षा वाईट. दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या असतील, तर करंट दोघींत वाटला जातो. १५ म्हणजे प्रत्येकीला जेमतेम साडेसात.

आता प्रकाराचं बटण. माझ्या मते खरा घोटाळा इथेच होतो. सीलबंद एसएमएफसाठी व्होल्टेज कमी ठेवलेलं असतं, कारण तिच्यातून गॅस बाहेर पडला तर पाणी पुन्हा घालता येत नाही. म्हणून एसएमएफ बॅटरीला ट्युब्युलरचं सेटिंग कधीच देऊ नका. ती आतून सुकते. उलटी चूक हळूहळू मारते. उंच ट्युब्युलर बॅटरीत जड ॲसिड तळाशी बसतं आणि ते ढवळायला थोडे बुडबुडे उठावेच लागतात. यवतमाळला मावशीकडे हेच झालं होतं: बटण एसएमएफवर, हिरवा दिवा लागलेला, पण हायड्रोमीटरवर (ॲसिडची घनता मोजणारं साधन) १.२०० च. ट्युब्युलर आणि १५ अँपिअर केलं, काही वेळा पूर्ण भरू दिली, तेव्हा १.२३५ पर्यंत आली.

विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी उन्हाळ्यात एक गोष्ट जपावी. २५ अंशांच्या वर दर अंशाला १२ व्होल्टच्या बॅटरीचं चार्जिंग व्होल्टेज सुमारे २० ते ३० मिलिव्होल्टने कमी हवं. ४५ अंशांना ही घट जवळपास अर्धा व्होल्ट होते. तापमानाचा सेन्सर असलेला इन्व्हर्टर मिळत असेल, तर वरचे पैसे खुशाल द्या. नसेल तर बॅटरी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतून खाली, हवेशीर सावलीत आणा आणि एप्रिल ते जून पाण्याची पातळी महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी पाहा, डिस्टिल्ड वॉटरच घाला.