जुन्या सीडींमधला डेटा काढून देतो म्हणून मला १२,५०० ला बुडवलं, तुम्ही तरी सावध राहा

आठ दिवस झाले तरी राग जात नाहीये म्हणून लिहितेय. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, लाज वाटते. आधी तपासणी फी १,५००, मग रिकव्हरीचे ६,८००, मग "क्लीनरूम"चे, म्हणजे धूळ नसलेल्या खास खोलीचे, ४,२००. एकूण १२,५००.

२००४ ते २००८ मध्ये राइट केलेल्या २३ डिस्क होत्या, बहुतेक सीडी-आर, थोड्या डीव्हीडी-आर. घरचे फोटो, आणि एका सीडीवर आईच्या आवाजाचं रेकॉर्डिंग, तेवढं एकच. डिस्क घातली की फाइलची नावं दिसायची पण कॉपी करायला गेलं की ड्राइव्ह घरघर करत अडकायचा. त्यातल्या १९ मी त्या माणसाला कुरिअर केल्या. सगळ्या एकदम कधीच पाठवू नका, जिचं काही वाटणार नाही अशी एक पाठवून बघा.

आता ती वेळ, जी आठवली की अजून डोकं तापतं. त्याने स्क्रीनशॉट पाठवला, फाइलची यादी, नाव, तारीख, साइज सगळं. "बघा मॅडम, डेटा सापडलाय, पेमेंट झालं की कॉपीला घेतो." आईच्या फाइलचं नाव दिसलं आणि मला रडूच आलं, पाच मिनिटांत ६,८०० पाठवले. अहो, तीच यादी मला घरी माझ्याच कॉम्प्युटरवर दिसत होती! तेच नाव, तोच साइज! यादी म्हणजे नुसती अनुक्रमणिका, आतली पानं वाळवीने खाल्ली तरी अनुक्रमणिका शाबूत असू शकते. हे मला कळायला हवं होतं, मी दिवसभर कॉम्प्युटरवरच काम करते. पण त्याआधी दोघांनी "आम्ही फक्त हार्डडिस्क करतो" म्हणून परत पाठवलं होतं, हा एकटाच हो म्हणाला, आणि बोलायचा इतकं समजून की वाटलं याला माहीत असणार. पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर एक फाइल उघडून दाखवायला सांगा, यादी नको.

क्लीनरूम लागते ती हार्डडिस्क उघडायला. सीडीत उघडायचं काय? डेटा असतो तो डायच्या, म्हणजे रंगाच्या, थरात, तो थर गेला की कुठल्याच खोलीत परत येत नाही.

शेवटी पेनड्राइव्ह आला. फोटोत वर बोटभर पट्टी नीट, खाली सगळं करडं. आईची वेव्ह फाइल ४१ मिनिटं, साइज बरोबर, आणि ४१ मिनिटं पूर्ण शांतता. भाच्याने फाइल उघडून आतले आकडे दाखवले, सुरुवातीच्या एका ओळीनंतर नुसते शून्य, शेवटपर्यंत. आणि डिस्क? नंबर टाकायला वरच्या बाजूला स्टिकर चिकटवून ओढून काढलेले, त्याबरोबर चंदेरी थर सोलून निघालाय. दिव्यासमोर धरली की आरपार उजेड दिसतो. सीडीचा डेटा वरच्या छापील बाजूलाच, लॅकरच्या पातळ लेपाच्या लगेच खाली असतो. खालचा ओरखडा पॉलिशने कधीकधी जातो, वरून थर निघाला की संपलं.

तक्रारीला गेले तर पोलीस म्हणाले, डिस्क परत मिळाल्या ना, मग चोरीला काय गेलं? परत सगळं सांगितलं, तर "काम नीट झालं नाही हा तुमच्यातला वाद आहे." बँक म्हणे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ऑनलाइन फॉर्म भरला तर आमच्या प्रकाराला रकानाच नाही, "इतर" निवडलं, १४ स्क्रीनशॉट जोडले, चौथ्या दिवशी "तक्रार निकाली" असा मेसेज. कोणी काढली निकालात, काय बघून? एक फोन नाही! तिसऱ्यांदा गेले तर संबंधित साहेब रजेवर. फसवणारा एक, पण दारोदार फिरवणारे किती?

घरी राहिलेल्या ४ डिस्क भाच्याने दुसऱ्या, जुन्या ड्राइव्हमध्ये घातल्या, हे मी आधी का केलं नाही. एका ड्राइव्हवर न वाचलेली डिस्क दुसऱ्यावर वाचते, खरंच. स्पीड कमी ठेवून डीडीरेस्क्यू या फुकट प्रोग्रामने आधी पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब कॉपी, काढली, मॅप फाइल (काय वाचून झालं याची नोंद) ठेवली की मध्येच थांबवून दुसऱ्या ड्राइव्हवर तिथूनच पुढे चालू करता येतं. आणि डिस्क कोरी दिसली म्हणून फेकू नका, फायनलाइज केली नसेल, म्हणजे राइट करून झाल्यावर शेवटी बंद केली नसेल, तरी तशी दिसते, आयसोबस्टर नावाच्या डिस्क वाचायच्या प्रोग्रामने बघा. एक पैसा न देता ३ डिस्क पूर्ण आल्या. आईची सीडी त्या १९ मध्ये होती.