डुबिया, मीलवर्म की रातकिडे? जळगावातला मार्च ते डिसेंबरचा अनुभव

लेपर्ड गेको आणि बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्यांच्या खाद्यासाठी हे तिन्ही किडे उन्हाळा, पावसाळा आणि थंडीत वापरून झाले. खान्देशच्या हवेत रोजच्या खाद्याला डुबिया झुरळंच भरवशाची. मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) फ्रिजमधला राखीव साठा म्हणून चांगले. रातकिडे मात्र आठवड्याला पुरतील एवढेच आणावेत. गर्दी झाली की एकमेकांना खातात आणि मेलेल्यांचा वास घरभर सुटतो.

डुबियाला गुळगुळीत प्लास्टिकवर चढता येत नाही, म्हणून ४०-५० लिटरचा साधा डबा पुरतो. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावावेत, म्हणजे विष्ठा खाली पडते. पिल्लं व्हायला २८ ते ३२ अंश लागतात आणि ते इथे वर्षातले बरेच महिने आपोआप मिळतात. डिसेंबरच्या थंडीत वाढ थांबते, तेव्हा डब्याच्या एकाच बाजूला हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) लावावी.

मे महिन्याचं गणित वेगळं. पारा ४३-४४ वर गेला की पत्र्याच्या खोलीतले डबाभर मीलवर्म दुपारभरात मरतात. दाटीने ठेवलेले मीलवर्म स्वतःही उष्णता तयार करतात, त्यामुळे बाहेर ठेवायचे ते पसरट डब्यात, थोडे थोडे. धाब्याच्या घरातली मधली खोली उत्तम. कुलरच्या झोतात ठेवू नये. मीलवर्म ज्यात राहतात तो कोंडा ओला होऊन गोळे धरतो. बाकीचा साठा फ्रिजच्या दारात, ७ ते १० अंशांत. आठवड्यातून एकदा बाहेर काढून दिवसभर गाजराची चकती द्यायची, पुसून परत आत. सुपरवर्म (मीलवर्मसारख्याच, पण मोठ्या अळ्या) मात्र फ्रिजमध्ये मरतात, ते बाहेरच ठेवावेत.

पावसाळ्यात खरा शत्रू म्हणजे कोंड्यातले माइट्स, म्हणजे अगदी बारीक जीव. डब्याच्या काठावर पिठासारखी करडी धूळ दिसते. बोटाने पुसली तरी थोड्या वेळाने पुन्हा वर सरकते. तसं दिसलं की कोंडा फेकायचा, डबा गरम पाण्याने धुऊन उन्हात कडक वाळवायचा. नवा गव्हाचा कोंडा आधी दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मगच वापरावा. काकडी देऊ नये, एका दिवसात बुरशी धरते. झाकणाला मधोमध स्टीलची जाळी बसवावी. नायलॉनची जाळी रातकिडे कुरतडतात.

मुंग्यांसाठी खडू किंवा पावडर नको, स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. डासांचं लिक्विड मशीनही त्या खोलीत लावू नये, त्यातलं औषध डासांइतकंच या किड्यांनाही मारतं.

कपाशीच्या बांधावरचे नाकतोडे फुकट मिळतात, पण फवारणीचं औषध त्यांच्या अंगावर आणि पोटात असतं. ते देऊच नयेत. काजवे तर अजिबात नकोत. त्यांचं विष बिअर्डेड ड्रॅगनच्या जिवावर बेततं.

खाऊ घालण्याआधी २४ ते ४८ तास किड्यांना गाजर, भोपळा, कोंडा पोटभर द्यावा. या तिन्ही किड्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त असतो, म्हणून डब्यात कॅल्शियमची चिमूटभर पावडर टाकून किडे हलवून घ्यावेत. हे टाळलं की सरड्यांच्या वाढत्या पिल्लांचा जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. किड्याची लांबी प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जास्त नको. उरलेले रातकिडे त्याच रात्री टाकीतून काढावेत, नाहीतर ते झोपलेल्या प्राण्यालाच चावतात.