देखणी रायफल, खोटं पत्र आणि ‘गोळी न झाडण्याची’ अट

पेन्सिल्व्हेनियात शिकार करणारी मराठी मंडळी पूर्वी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आता ओळखीतलेच बरेच जण परवाना काढतायत, आणि जरा रुळले की त्यांची नजर हाताने घडवलेल्या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींकडे (ट्रिगरखालचा दांडा म्हणजे लिव्हर ओढून पुढचं काडतूस भरायच्या) वळते. माझीही तशीच वळली होती. अशीच एक रायफल विकून मला ४,८०० डॉलरना फसवण्यात आलं. पैसे गेलेच, पण ती फुटून डोळाही गेला असता. म्हणून सगळं तपशिलात लिहितो आहे.

जाहिरातीतली रायफल होती मार्लिन कंपनीची ३३६, थर्टी-थर्टी या मापाच्या काडतुसाची. विक्रेता दुसऱ्या राज्यातला. त्याचं म्हणणं असं: रिसीव्हर (सगळी यंत्रणा ज्यात बसते तो मधला पोलादी भाग) १९५० च्या दशकातला, नळी एका नामवंत कारखान्याकडून नव्याने बनवून बसवलेली, दस्ता कॉकेशसच्या अक्रोडाचा, त्यावरची जाळीदार नक्षी हाताने कोरलेली, आणि रिसीव्हर हाडांच्या कोळशात भाजून पाणी दिलेला. हे सगळं काम एका दिवंगत, या क्षेत्रात आदराने नाव घेतलं जाणाऱ्या कारागिराचं. सोबत त्या कारागिराच्या सहीचं पत्र आणि वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियमच्या नावाचा दाखला. फोटो इतके सुरेख होते की नजर हटत नव्हती. निळ्या, जांभळ्या, मधाळ रंगांचे ढग पोलादावर उतरलेले. फक्त रायफलीवर कोरलेल्या क्रमांकावर प्रत्येक फोटोत अंगठा होता. अनेक प्रामाणिक विक्रेतेही क्रमांक झाकतात, त्यामुळे त्यात वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं.

पैसे बँकेतून थेट पाठवायचे, तसं केलं तर दोनशे डॉलर कमी. कारण काय, तर कार्ड कंपन्या बंदुकांचे व्यवहार अडवतात. हे अर्धसत्य आहे. पेपालवर बंदुकांच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे हे खरं, पण परवानाधारक दुकानदार कार्डं सर्रास घेतात. कार्डाने दिलेल्या पैशांबद्दल तक्रार करता येते. बँकेतून एकदा पाठवलेली रक्कम परत आणणं जवळजवळ अशक्य असतं, आणि तो सवलत देत होता ती नेमकी यासाठी.

राज्याबाहेरच्या माणसाकडून घेतलेली बंदूक केंद्रीय कायद्याप्रमाणे आपल्या राज्यातल्या परवानाधारक दुकानातूनच हातात पडते. तिथे फॉर्म ४४७३ भरला, माझी पार्श्वभूमी तपासली गेली. नव्या लोकांचा इथे हमखास गैरसमज होतो: सरकारी फॉर्म आहे, दुकानदार मध्ये आहे, म्हणजे व्यवहार सुरक्षित. ती तपासणी घेणाऱ्या माणसाची असते. बंदूक जाहिरातीत सांगितल्यासारखी आहे का, याच्याशी तिचा काही संबंध नाही.

दुकानदार जुना जाणता माणूस. क्रमांक लिहितानाच म्हणाला, “हा २२ ने सुरू होतो, म्हणजे १९७८ चा.” मार्लिनच्या क्रमांकांची ही किल्ली प्रत्येकाने लक्षात ठेवावी. १९७३ पासून पुढे बरीच वर्षं पहिले दोन आकडे शंभरातून वजा केले की बनवल्याच्या सालाचे शेवटचे दोन आकडे मिळतात. १९५० च्या दशकातल्या क्रमांकांची सुरुवात अक्षराने होते. मी तिथूनच विक्रेत्याला फोन लावला. त्याच्याकडे उत्तर तयार होतं: जुना रिसीव्हर झिजला म्हणून कारागिराने नंतर जास्त मजबूत, नवा रिसीव्हर बसवला, जाहिरातीत लिहायचं राहिलं, आणखी शंभर डॉलर परत देतो. ते शंभर डॉलर खरोखरच आले. विश्वास बसावा म्हणून टाकलेला दाणा होता तो.

आता त्याची खरी चलाखी. जाहिरातीत ‘तीन दिवसांची तपासणी’ होती, पण अट अशी की एकही गोळी झाडायची नाही. झाडली की परतीचा हक्क संपला. अशा व्यवहारांत ही अट नेहमीचीच आहे, आणि पुष्कळदा वाजवीही. पण या रायफलीत जे दोष होते ते गोळी झाडल्याशिवाय किंवा गेज (आतली जागा मोजायचं साधन) लावल्याशिवाय दिसणारेच नव्हते. वरून बघाल तेवढे तीन दिवस ती सुंदरच दिसणार होती.

रेंजवर नेली तेव्हा निशाणा ठीक लागला. लिव्हर उघडताना मात्र मध्येच जड जायची. नवं काम आहे, बसेल, असं विक्रेत्याने फोनवर सांगितलं.

मग शिकारीचा मोसम आला. पॉटर काउंटीच्या जंगलात ओला बर्फ पडत होता. झाडीतून एक नर हरीण बाहेर आलं, मी गोळी झाडली, ती थोडी मागे लागली. ते वळलं. दुसरी गोळी लगेच द्यायची, त्यासाठीच तर लिव्हर-अ‍ॅक्शन हातात घेतात. लिव्हर ओढली तर पुंगळीचा, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाचा, फक्त मागचा भाग बाहेर पडला. पुढचा अर्धा नळीतच अडकलेला. दुसरं काडतूस आत जाईना. ते जखमी जनावर दाट झाडीत निघून गेलं. सोबतचा शेजारी आणि मी बर्फावरच्या रक्ताच्या थेंबांमागे अंधार पडत येईपर्यंत चालत राहिलो. सापडलं तेव्हा ते अजून जिवंत होतं. शेजाऱ्याच्या रायफलीने मी त्याला संपवलं. ज्याचा जीव आपण घेतो त्याला तडफडत ठेवायचं नाही, हा शिकारीतला पहिला नियम आहे. तो माझ्या हातून मोडला, आणि मोडायला लावणारा माणूस दुसऱ्या राज्यात बसून माझे पैसे मोजत होता. त्याबद्दलचा माझा राग अजून शमलेला नाही.

गनस्मिथने, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, आधी रेंजवरच्या रिकाम्या पुंगळ्या मागितल्या. प्रत्येकीच्या मागच्या कडेच्या जरा वर एक चकाकती रेघ गोलाकार उमटली होती. पितळ ताणलं जाऊन तिथे पातळ झालं होतं. मग त्याने गेज लावले. ‘गो’ गेजवर बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) बंद व्हायला हवा, ‘नो-गो’वर होता कामा नये. आमचा दोन्हींवर निवांत बंद झाला. म्हणजे काडतुसाच्या मागे नको तेवढी मोकळी जागा होती. पुंगळी आणखी मागे फुटली असती, तर गरम वायू थेट माझ्या तोंडाच्या दिशेने आले असते.

हे का झालं, ते त्या सुंदर रंगांत दडलं होतं. खऱ्या पद्धतीत पोलादाचा भाग हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात बंद करून सातशे अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि हवा सोडलेल्या पाण्यात एकदम बुडवतात. कार्बन शिरून वरचा थर कणखर होतो, रंग हे त्याचं उपफळ. आमच्या रिसीव्हरवर गॅसच्या ज्योतीने रंग काढले होते. पोलाद सव्वादोनशे अंशांच्या आसपास पिवळसर होतं, तीनशेच्या आसपास निळं. पण ज्योत कोणी किती वेळ कुठे धरली, आत किती उष्णता गेली, याला मोजमाप नाही. गनस्मिथने आतल्या न दिसणाऱ्या जागी कानस फिरवली. खऱ्या कामावर ती घसरते, इथे धातूत रुतली. लॉकिंग बोल्ट (बोल्टला जागेवर पक्का धरणारा तुकडा) जिथे टेकतो ती जागा नरम पडून चेपली होती. डोळ्यांनीही फरक कळतो: ज्योतीचे रंग एकात एक वलयांसारखे असतात आणि फक्त बाहेरच्या अंगाला. खऱ्या कामात ते ठिपकेदार, विस्कळीत पसरतात, आतल्या कडांनाही दिसतात.

‘नवी’ नळी मूळचीच निघाली. तोंडाशी प्रकाश धरून मोजलं तर मार्लिनच्या मायक्रो-ग्रूव्ह पद्धतीच्या, नळीच्या आतल्या बारा उथळ खाचा. वरचे जुने शिक्के घासून काढले होते. कॉकेशसच्या अक्रोडातल्या गडद लहरी रंगाने ओढलेल्या होत्या, ओल्या हातमोज्याला तो रंग लागला होता.

राहिली कागदपत्रं. कोडीकडे मार्लिनच्या कारखान्याच्या नोंदी आहेत त्या १८८३ ते १९०६ या काळाच्या. ३३६ हे मॉडेलच १९४८ चं. या रायफलीचा तिथला दाखला असूच शकत नाही. कारागिराच्या घरच्यांना मी नम्रपणे पत्र पाठवलं. त्यांनी त्याच्या वह्या पाहून कळवलं की असं काम त्याने केलेलं नाही आणि सहीही त्याची नाही. गेलेल्या माणसाच्या आयुष्यभराच्या कामावर असा डाग पडल्याचं त्यांना फार लागलं.

विक्रेत्याला पुरावे पाठवले तर त्याने पैशांचा विषयच काढला नाही. तुम्ही बाहेरून आलेले दिसता, बंदुकीच्या भांडणात पोलीस आलेले तुम्हाला परवडतील का, एवढंच विचारलं. मी नागरिक आहे. पण हे वाचणाऱ्यांत एच-वन-बीवाले असतील, म्हणून सांगतो: त्या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे, वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. आपण त्यात बसतो का, हे वकिलाकडून लेखी घेऊन ठेवा, म्हणजे अशी धमकी आली तरी तक्रार करायला पाय मागे राहणार नाही.

मी स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवली, एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या केंद्राकडे आणि दोन्ही राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे कागद पाठवले. बँकेने हात वर केले. रायफल मोडीत काढायला दिली. गनस्मिथ ती सुट्या भागांसाठी घ्यायला तयार होता, पण तो रिसीव्हर पुन्हा कोणाच्या खांद्याला लागलेला मला नको होता.

मागच्या महिन्यात त्याच कारागिराच्या नावाने आणखी एक ‘दुर्मिळ’ मार्लिन विकायला आली. पत्राचा मजकूर शब्दशः तोच, सही तीच, क्रमांकावर तसाच अंगठा, आणि बँकेतून पैसे पाठवणाऱ्याला दोनशे डॉलर सूट. ती जाहिरात मी तक्रारीला जोडली आहे. कोणाशी त्याचं बोलणं चालू असेल तर पैसे थांबवा आणि मला कळवा, माझ्याकडचे सगळे कागद आणि फोटो पाठवतो.