ऑनलाइन मीडिया पास सिस्टिम: फुटबॉल आणि बास्केटबॉल सीझन वापरल्यानंतर

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या सामन्यांसाठी पत्रकारांना पास देणारी ही सिस्टिम. ऑगस्टमध्ये विचारलं असतं तर तिला पाचपैकी चार गुण दिले असते. नोव्हेंबरपर्यंत ते दोनवर आले होते. आज तीन देतोय, तेही मधे आलेल्या एका अपडेटमुळे. कंपनीचं नाव देत नाही, कारण खाली लिहिलेल्या गोष्टी कुठलीही सिस्टिम घेताना तपासायलाच हव्यात.

मूळ काम ती नीट करते. पत्रकार अर्ज करतो, यजमान विद्यापीठाचं स्पोर्ट्स कम्युनिकेशन ऑफिस मंजुरी देतं, बारकोडचा पास छापला जातो आणि गेटवर स्कॅन होतो. पाहुण्या संघाच्या रेडिओवाल्यांची आणि प्रक्षेपण करणाऱ्या चॅनेलच्या क्रूची यादी एकगठ्ठा चढवता येते. एनएफएल, म्हणजे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या संघांच्या स्काउट्सचा (खेळाडू हेरणाऱ्यांचा) अर्ज पत्रकारांपासून वेगळा ठेवता येतो. ईमेलमधली नावं एकेक करून एक्सेलमध्ये भरण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सगळं बिघडतं ते ऐनवेळी माणूस बदलला की.

वर्तमानपत्राने बुधवारी एका फोटोग्राफरचं नाव दिलं आणि शुक्रवारी त्याच्या जागी दुसऱ्याला पाठवायचं ठरलं. कॉलेज फुटबॉलमध्ये हे नेहमीचं आहे. बऱ्याच सामन्यांची वेळ १२ दिवस आधी जाहीर होते आणि टीव्ही चॅनेलने निर्णय राखून ठेवला तर फक्त ६ दिवस आधी. दुपारचा सामना रात्री गेला की संपादकाचं ड्युटीचं वेळापत्रक नव्याने लागतं. पास मात्र एकाचा दुसऱ्याला चालत नाही, आणि चालू नयेच. सीझनच्या सुरुवातीला या सिस्टिममध्ये एकच वाट होती: जुना अर्ज रद्द करा, नव्या माणसाकडून नवा अर्ज घ्या, नवा फोटो, पुन्हा मंजुरी.

रद्द केलं की त्या नावाला जोडलेली साइडलाइनची (मैदानाच्या कडेची) जागा आणि पार्किंग पास दोन्ही सुटतात. प्रतीक्षा यादी ऑटोमॅटिक असेल तर नवा अर्ज येण्याआधीच ते पुढच्याला मिळालेले असतात. उपाय असा: सामन्याच्या ४८ तास आधी ऑटोमॅटिक प्रतीक्षा यादी बंद करा, आणि जागा व पार्किंग माणसाच्या नावावर न टाकता संस्थेच्या नावावर राखीव ठेवा. मंजुरीच्या पानावर हा पर्याय खाली दडलेला असतो, पण असतो.

दुसरा धोका स्कॅनरचा. ऑफलाइन मोडमध्ये स्कॅनर शेवटच्या सिंकला मिळालेली यादी धरून चालतो. स्टेडियम भरलं की नेटवर्क तुंबतं, सिंक होत नाही, आणि सकाळी रद्द केलेला बारकोड दुपारी हिरवा दिसतो. म्हणजे एका जागेवर दोघे आत. म्हणून गेट उघडण्याआधी शेवटची रद्दबातल नावं टाकून झाली की प्रत्येक यंत्र हाताने सिंक करा आणि स्क्रीनवरची शेवटच्या सिंकची वेळ वाचा. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे एक पास मुद्दाम रद्द करून तो प्रत्येक गेटवर दाखवून बघणं. लाल आला तरच ते गेट सुरू करा.

तिसरी गोष्ट पैशांची, आणि सगळ्यात जास्त राग तिचाच. करार दिलेल्या पासांच्या संख्येवर आहे. रद्द केलेला पास बिलातून वजा होत नाही, त्यामुळे एका बदलीचे दोन पास धरले जातात. आत माणूस एकच, जागा एकच, छापलेलं कार्डही बहुतेक वेळा एकच, आणि पैसे दोनदा. सपोर्टकडून दरवेळी एकच उत्तर: पास 'दिला' गेला म्हणजे मोजला गेला. महिन्याचं बिल आलं की 'रद्द' स्थितीची यादी एक्सपोर्ट करून बिलाशी ताडून बघा. फरक लहान नसतो.

एक्सपोर्टचं निघालंच आहे तर: सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की 'होसे'सारख्या (José) नावातल्या चिन्हांकित अक्षरांचा कचरा होतो आणि तोच पासवर छापला जातो. डेटा टॅबमधून फाइल आत घ्या आणि एन्कोडिंग ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडा.

आता अपडेटबद्दल. बास्केटबॉल सुरू होताना 'बदली' असं स्वतंत्र बटण आलं. जागा आणि पार्किंग नव्या नावावर जातात, जुना बारकोड त्याच क्षणी सर्व्हरवर मरतो. स्कॅनरचं सिंक करावंच लागतं, पण अर्धं काम वाचलं. बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या बास्केटमागच्या कडेला, फोटोग्राफरच्या जागा मोजक्या असतात, तिथे हे बटण खरोखर उपयोगी पडलं.

पण त्यात एक गंभीर चूक राहिली आहे. पहिल्या माणसाने अटींना दिलेली संमती तशीच दुसऱ्याच्या नावावर उतरते. नव्या माणसाने अटी पाहिलेल्याच नसतात. २००७ मध्ये लुईव्हिलला एनसीएएच्या (कॉलेज खेळांची संघटना) बेसबॉल स्पर्धेतल्या सुपर रिजनल फेरीच्या सामन्यात थेट ब्लॉग लिहिला म्हणून एका वार्ताहराचा पास काढून घेऊन त्याला प्रेस बॉक्सबाहेर काढलं होतं. ती अट योग्य होती की नाही हा वाद वेगळा. पण अटीवर बोट ठेवून कोणाला बाहेर काढायचं असेल तर ती त्याने स्वतः मान्य केलेली हवी. तोवर आम्ही बदलीनंतर पास 'छपाई थांबवा' स्थितीत ठेवतो, अटींची लिंक वेगळी पाठवतो आणि संमती आल्यावरच छापतो.

फोटोच्या सक्तीबद्दल मत बदललं. सुरुवातीला ती फ्रीलान्सरना जाचक वाटत होती, पण बदल्या इतक्या होतात की गेटवर चेहरा जुळवण्याला पर्याय नाही. फक्त किमान आकार स्वतः ठरवा. पासवर सव्वा बाय दीड इंचाचा फोटो ३०० डीपीआयवर छापायचा तर ३७५ बाय ४५० पिक्सेल लागतात. सिस्टिम २०० पिक्सेलचाही घेते आणि चेहरा ओळखू येत नाही.

अर्जाची मुदत लावताना घड्याळ बघा. इथे मुदत यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत धरली जाते. ईस्टर्न (अमेरिकेच्या पूर्वेकडच्या) वेळेच्या विद्यापीठात 'मध्यरात्री बंद' लिहिलेला फॉर्म संध्याकाळी ८ लाच बंद होतो, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की ७ ला. तक्रारींचा ढीग नेमका बास्केटबॉलच्या पहिल्या आठवड्यात येतो. स्थानिक वेळेचा पर्याय मिळेपर्यंत मुदत पुढच्या सकाळवर टाका, आणि ६ दिवस आधी वेळ ठरणाऱ्या सामन्यांना ती सामन्याच्या ७२ तासांपेक्षा आधी ठेवू नका.

पुढच्या वर्षासाठी करार एकाच वर्षाचा करतोय, आणि दोन ओळी लेखी घातल्याशिवाय सही नाही: बदली हा नवा पास धरायचा नाही, आणि बदललेल्या माणसाची संमती नव्याने घ्यायची. पहिल्या ओळीला विक्री विभागाने होकार दिला आहे. दुसरीवर अजून उत्तर आलेलं नाही.