चेनगार्ड झकास, क्लिपा फालतू: पट्ट्या घरी वाकवायची तयारी असेल तरच घ्या

ऑनलाइन मागवलेला सायकलचा हाफ चेनगार्ड आहे, पत्र्याचा, काळा पावडर कोटिंगवाला, साडेचारशेला पडला. ब्रँड लिहीत नाही कारण हाच माल तीन-चार नावांनी विकायला आहे आणि फोटोसुद्धा सगळीकडे तोच. गार्डला चार स्टार. पत्रा लपलप करत नाही, कडा आत वळवलेल्या आहेत म्हणून पँट अडकून फाटत नाही, आणि इंदूरचा एक अख्खा पावसाळा खाऊनही कोटिंग टिकलंय. पण सोबत ज्या दोन प्लास्टिकच्या क्लिपा येतात त्यांना शून्य, त्या लावून बघायच्याही भानगडीत पडू नका.

डब्यावर "युनिव्हर्सल फिट" लिहिलंय म्हणे. माझी साधी बिनगिअरची स्टीलची सायकल, सीटखालची उभी पाइप २८.६ मिमी, म्हणजे अगदी कॉमन साइज, तरी वरची क्लिप गोल फिरते. आणि मागच्या चाकाकडे जाणारी आडवी पाइप पुढे जाड, मागे निमुळती असते, तिथे ही गोल क्लिप प्रत्येक खड्ड्याला थोडी थोडी मागे सरकते, मग गार्ड आत झुकतो आणि चेन घासते, खर्र खर्र. विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तर आलं, क्लिपखाली कागदाची घडी लावा. कागद! जुलै महिन्यात!

मग गाठलं इथलं सियागंज मार्केट. तिथे गाडी लावायला जागा मिळणं हाच मोठा प्रोजेक्ट, पण हार्डवेअरचं काही अडत नाही. २० मिमी रुंद, ३ मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घेतली. दुकानदार आधी म्हणाला, "भिया, पूरी लंबाई लेना पड़ेगी", मग स्वतःच कोपऱ्यातल्या कटपीसच्या ढिगातून एक तुकडा काढून वजनावर दिला. सोबत ५ मिमीचे स्टीलचे बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले), साधे नट घेऊ नका, सायकलच्या थरथरीने ढिले होतात. सगळं मिळून गार्डच्या पाव किमतीइतकंही झालं नाही.

काम असं. व्हर्नियर नसेल तर पाइपभोवती दोरा गुंडाळून मोजा आणि ३.१४ ने भागा, माझा घेर ९० मिमी भरला. गोल रिंग करायला जाऊ नका, ३ मिमीची पट्टी पाइपवर चढवायला उघडतच नाही, त्यापेक्षा दोन अर्धगोल करा आणि दोन्ही बाजूंना कान, म्हणजे बाहेर वळवलेली चपटी टोकं, काढून बोल्टने आवळा. खाली जुन्या ट्यूबचा रबर येणार, पट्टीची स्वतःची जाडीही धरावी लागते, तर एका अर्धगोलाला साधारण ५० मिमी पट्टी जाते, कानांची वेगळी. दोन्ही कानांमध्ये दीड-दोन मिमी फट राहिली पाहिजे, कान एकमेकांना टेकले की बोल्ट कितीही पिळा, पाइपवर पकड येत नाही.

गोलाई त्याच जाडीच्या पाइपच्या तुकड्यावर व्हाइसमध्ये धरून रबरी हातोडीने आणायची. कानाचा काटकोन मात्र पकडीने एका झटक्यात मोडायचा नाही, वाकवलेल्या जागी बाहेरून पांढुरक्या रेषा दिसल्या की समजा तडा येतोय, तो तुकडा फेका. हळूहळू, थोडी गोलाई ठेवून वाकवा. गार्डकडचा कान लांब ठेवा, त्याला गोल भोक नको, ५.५ मिमीची दोन भोकं जवळजवळ पाडून मधलं कानशीने काढा, म्हणजे लांबट खाच होते आणि गार्ड आत-बाहेर करता येतो, अख्ख्या जुगाडाची गंमत या खाचेतच आहे. बोल्टचं चपटं डोकं चेनकडे, नट बाहेर. क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, हाताने उलटा फिरवून बघा, आतून चेन आणि बाहेरून क्रँक, कुठेच टेकायला नको.

खालची पट्टी निमुळत्या पाइपवर सरकेल ही भीती होती, पण वरची घट्ट बसली की गार्डच तिला धरून ठेवतो, तिला जायला जागाच नाही. ट्यूबचा रबर मात्र टाळू नका, स्टीलवर अ‍ॅल्युमिनियम नुसतं ठेवलं आणि मध्ये पाणी मुरलं तर रंग गेलेल्या जागी गंज धरतो.

बाबा व्हाइस धरायला आले आणि त्यांचं आपलं एकच, "आमच्या काळ्या सायकलला अख्खी चेन झाकणारा डबा यायचा, हे असलं अर्धवट काय?" बरोबर आहे त्यांचं, मिलमध्ये जाताना त्यांच्या पँटला कधी काळं लागलं नसेल. गल्लीतला वेल्डर म्हणाला, दोन टाके मारून देतो. नाही म्हटलं. फ्रेमच्या पाइपचा पत्रा जेमतेम दीड मिमी, तापली की रंग जळणार आणि पाइपची ताकद जाणार, शिवाय उद्या गार्ड काढायचा तर कापावा लागणार. फ्रेमला भोकही पाडू नका.

पुढे दोन-तीन चेनव्हील (पॅडलजवळची दातेरी चाकं) असलेली गिअरची सायकल असेल तर हा गार्ड घेऊच नका, चेन एका चेनव्हीलवरून दुसऱ्यावर ढकलणारा पुढचा डिरेलर नेमका याच जागेत असतो. आणि हा गार्ड ४४ दातांपर्यंतच झाकतो, म्हणजे चेनव्हील सुमारे १८ सेंमी व्यासाचं. दाते मोजा, मग ऑर्डर करा.